आक्कांच्या हातचं वाण

संक्रांत झाली की रथसप्तमीपर्यंत आमच्या कबनूरमध्ये बायकांना एक संध्याकाळ मोकळी मिळत नाही. आज हिच्याकडं हळदीकुंकू, उद्या तिच्याकडं. ठेवणीतली साडी एकदा कपाटातून निघाली की दारामागच्या खिळ्यावरच मुक्काम करते, परत घडी करून ठेवायला सवडच नसते. आमच्या घरी तीसेक वर्षं हा कार्यक्रम होतो. चाळीस-पंचेचाळीस बायका येतात. सोप्यात सतरंजी, एका ताटात हळदीकुंकवाचे करंडे, दुसऱ्यात तिळगूळ आणि हलवा, कोपऱ्यात वाणाची पिशवी. तुमच्याकडंही थोड्याफार फरकानं असंच असेल.

"काय गं, तिळगूळ किती खुसखुशीत केलाईस!" असं दरवर्षी कुणीतरी म्हणायचं, आणि मी हसून "घ्या की आणखी एक" म्हणायची. तिळगूळ मी केलेलाच नसायचा.

तो करायच्या आमच्या आक्का, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तीळ निवडून भाजण्यापासून गुळाचा पाक बघण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातचं. सोपा झाडून सतरंजी अंथरायच्या त्याच, करंड्यात कुंकू भरायचं तेवढं मी. पाच वाजले की मी साडी बदलायला आत जायची आणि बाहेर येईपर्यंत आक्का परड्यात गेलेल्या असायच्या. परड्यात आमची शेड आहे, चार मागांची. आम्ही खर्चीवाले. सूत व्यापाऱ्याचं, विणायची मजुरी तेवढी आमची. इचलकरंजीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला, पुढं तो आवाज शेजारच्या आमच्या गावातही घरोघर शिरला. त्या शेडमध्ये आक्का कांडी मशीनवर बसायच्या. इकडं बायकांची हसणी-खिदळणी चाललेली आणि मागं कांड्या भरल्याचा घुंऽऽ असा आवाज. शेवटची बाई पायरी उतरली की पाचएक मिनिटांत तो थांबायचा. मग आक्का येऊन सांडलेला हलवा वेचायच्या.

त्यांना जा असं कुणीही सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच नाही. कितीतरी वर्षं मी स्वतःची समजूत अशीच घातली. त्या आपण होऊनच जायच्या ना, मग माझं काय चुकलं?

खरं सांगायचं तर त्या गेल्या की मला सुटल्यासारखं वाटायचं.

थोरले दीर गेले ते २००६ च्या पावसाळ्यात. माग चालू होता, बाणा तुटला म्हणून वाकले आणि तिथंच बसले ते उठलेच नाहीत. आक्का तेव्हा अडतीस वर्षांच्या, मुलगा आठवीत. दहाव्याला काय करायचं ते सगळं सासूबाईंनी ठरवलं. त्या स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या. "माझंबी असंच झालतं, रीत हाय ती," एवढंच म्हणाल्या. आता मला वाटतं, त्या बाईनं दुसरं काही पाहिलंच नव्हतं तर ती दुसरं काय सांगणार?

त्या दिवशी आक्कांचा हात मी धरला होता. गल्लीतली एक म्हातारी दगडानं बांगड्या फोडत होती आणि हात हलू नये म्हणून मनगट धरायला मला सांगितलं होतं. मी धरलं. एक काच मनगटात रुतली. रक्त आलं तर हळद दाबली, ती कपाळावर लावायची हळद. आजही आक्का कांडी बदलतात तेव्हा डाव्या मनगटावरचा तो पांढरा वण दिसतो. मी तिकडं बघत नाही.

याबद्दल आम्ही दोघी कधीही बोललो नाही. एका चुलीवर भाकऱ्या केल्या, एकमेकींची बाळंतपणं, आजारपणं काढली, सासूबाईंचं शेवटचं सगळं दोघींनी मिळून केलं. पण त्या विषयावर एक अक्षर नाही.

मुलीचं लग्न झालं २०१८ मध्ये. हळदीच्या आदल्या रात्री आक्का पाट्यावर हळकुंडं वाटत बसल्या होत्या. "बाजारात तयार मिळतीया की," मी म्हटलं. "पोरीच्या अंगाला बाजारची कशाला?" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मांडवात सगळ्या हळद लावायला पुढं झाल्या. मुलीनं चहूकडं बघितलं आणि विचारलं, "मोठी आई कुठाय?" मी म्हटलं, "येतील, तू सरळ बस, साडी खराब होईल." मोठी आई कुठं आहे हे मला पक्कं माहीत होतं. त्या मंडपाच्या शेवटच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. नखांत हळद तशीच पिवळी. पोरगी पुन्हा विचारायची थांबली. ती आता नांदून शहाणी झाली आहे, आईला अवघड प्रश्न विचारत नाही. पण त्या फोटोंचा अल्बम मी सहसा काढत नाही.

मग कोरोना आला. त्या दोन वर्षांत आमच्या भागात किती कुंकवं पुसली गेली ते वेगळं सांगायला नको. आमच्याच गल्लीतल्या एका पोरीचा नवरा २०२१ मध्ये गेला. वय तिचं अठ्ठावीस, पदरात तीन वर्षांचं लेकरू. दहाव्याला चार बायका तिच्या दारात गेल्या तेव्हा आक्काही मागोमाग गेल्या. मला वाटलं, सांत्वनाला गेल्या असतील. नंतर कळलं, त्यांनी उंबऱ्यातच त्या बायकांना अडवलं होतं. "बांगड्या तिच्या तिला काढू द्या. दगड न्हाई लावायचा," एवढंच बोलल्या होत्या. मला मात्र काही सांगितलं नाही.

६ मे २०२२. राजर्षी शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली तो दिवस. सकाळी दहाला कोल्हापूरसह सगळीकडं शंभर सेकंद स्तब्धता पाळली. आम्हीही माग बंद केले. वीज गेल्याशिवाय ते असे एकदम थांबत नाहीत, त्यामुळं ती शांतता कानाला टोचली. त्याच सुमाराला पेपरात हेरवाडची बातमी वाचली.

तुम्ही वाचली असेलच. हेरवाड हे शिरोळ तालुक्यातलं गाव, कुरुंदवाडच्या पुढं. ४ मे २०२२ ला तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला. नवरा वारल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं, जोडवी काढणं, तिला समारंभातून बाजूला ठेवणं, हे आमच्या गावात बंद. सरपंच होते सुरगोंडा पाटील. करमाळ्याच्या महात्मा फुले समाजसेवा मंडळाच्या प्रमोद झिंजाडे यांनी हा विषय लावून धरला होता. कोरोनात कमी वयाच्या बायकांचे हाल बघून गाव हललं होतं. दोन आठवड्यांच्या आत, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागानं परिपत्रक काढलं, की इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचा कित्ता गिरवावा. अशा ठरावानं कुणाला तुरुंगात घालता येत नाही, हे खरं. पण गावानं चारचौघांत बसून, हात वर करून हे म्हणणं, हे मी माझ्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होते.

मी ती बातमी स्वयंपाकघरात मोठ्यानं वाचली. मुद्दामच. आक्का भाकरी थापत होत्या. सगळं ऐकून म्हणाल्या, "हेरवाड? आमच्या म्हायेरच्या वाटंवरच हाय की." थोड्या वेळानं म्हणाल्या, "तवा बघ, करपायलाय." झालं. एवढ्यावर विषय संपला.

त्या शाहू महाराजांच्या घरातलीच एक गोष्ट मला तेव्हापासून सारखी आठवायची. महाराजांचा धाकटा मुलगा, प्रिन्स शिवाजी, १९१८ मध्ये शिकारीच्या अपघातात गेला. त्याची बायको इंदुमती. लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं, वय अकरा-बारा. आपल्या घरातल्या पोरी या वयात सायकल शिकत असतात! राजवाड्यातल्या रीतीभातींना तोंड देत महाराजांनी या सुनेला कोल्हापूरजवळच्या सोनतळी कॅम्पवर ठेवून शिकवलं. त्याआधी १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदाही केला होता. इंदुमतीदेवी शिकल्या आणि पुढं त्यांनी कोल्हापुरात बायकांच्या शिक्षणासाठी संस्था उभ्या केल्या. शाळेत हे आपण धड्यासारखं शिकलो, मार्क मिळवले आणि विसरलो. मला आता त्यातलं वेगळंच दिसायला लागलं. कायदा करायला राजा लागतो. पण सुनेला कुठल्या खोलीत बसवायचं, हे घरातल्या माणसालाच ठरवावं लागतं. आमच्या घरात तर ते माणूस मीच होते, सासूबाई जाऊनही बरीच वर्षं झाली होती.

जानेवारी २०२३ ची संक्रांत आली. मी मनाशी ठरवलं होतं. आक्कांसाठी हिरवट रंगाची साडी आणली, एक डझन काचेच्या बांगड्या आणल्या. हळदीकुंकवाच्या चार दिवस आधी, दुपारी चहा झाल्यावर सगळं त्यांच्यापुढं ठेवलं. "आक्का, यंदा तुम्ही बाहेर सोप्यात बसायचं. पहिलं कुंकू मी तुम्हाला लावणार."

मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील. माझे तर भरलेच होते!

आक्कांनी बांगड्यांकडं बघितलं. साडीची घडी सारखी केली. मग म्हणाल्या, "हे कुणाच्या जिवाला बरं वाटावं म्हणून करालीस? माझ्या का तुझ्या?"

मला काही बोलताच आलं नाही. राग आला, खोटं कशाला बोलू? एवढं करून हे ऐकून घ्यायचं? संध्याकाळभर मी भांडी आपटली. आमच्या ह्यांनी विचारलं तर त्यांच्यावरही खेकसले. रात्री अंथरुणावर पडल्यावर मात्र त्या एका वाक्यानं झोप लागू दिली नाही. कारण उत्तर मला माहीत होतं. मला माझ्या हातून तो मनगटाचा वण पुसायचा होता. त्यांना काय हवंय, हे मी सोळा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं, आणि त्या दिवशीही विचारलं नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेले. माग चालू असले की ओरडून बोलावं लागतं, म्हणून ह्यांना दोन मिनिटं बंद करायला सांगितलं. "आक्का, मग तुम्हाला काय पायजे?"

त्या कांडी हातात घेऊन बसल्या होत्या. बराच वेळ दोऱ्याचं टोक शोधत राहिल्या. "कुंकू नको," म्हणाल्या. "सोळा वर्सं लावलं न्हाई, आता आरशात माझी मलाच वळख पटायची न्हाई. बांगड्या मशीनवर अडकतात. साडी ठेव, पोराच्या लग्नात नेसीन." मग थांबून म्हणाल्या, "पण वाण मी देणार. माझ्या कांडीच्या पैशाचं. माझ्या हातानं."

मैत्रिणींनो, मी या उत्तराचा विचारच केला नव्हता. आपण धरून चालतो, की त्यांना काहीतरी मिळालं पाहिजे. कुंकू, हार, ओटी, मान. त्यांना मात्र द्यायचं होतं. तिळगूळ सोळा वर्षं त्यांच्याच हातचा वाटला जात होता, फक्त मधे माझा हात होता.

त्या स्वतः इचलकरंजीला गेल्या. वाण म्हणून काय आणावं? चहाची गाळणी! स्टीलची, दांड्याची, पन्नास नग. मी म्हटलं, "आक्का, लोक प्लॅस्टिकचे डबे, पर्स असलं काहीतरी देतात हो." तर म्हणाल्या, "डबं सगळ्यांच्या घरात ढिगानं पडल्यात. गाळणी रोज लागती, आणि आपली धड कुणाचीच नसती. दांडा तरी मोडलेला, न्हाईतर भोक तरी पडलेलं." आमची स्वतःची गाळणी सुतळीनं बांधलेली होती, त्यामुळं मी गप्प बसले. शटललेस माग आल्यापासून कांडीचं काम तसंही कमी झालंय. त्यातनं साठवलेल्या पैशांची ती पन्नास गाळणी होती, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

त्या संध्याकाळी आक्का त्यांच्या नेहमीच्या राखाडी साडीतच दाराशी उभ्या राहिल्या. मी हळदीकुंकू लावायची, त्यांनी तिळगूळ आणि गाळणी द्यायची, असं ठरलं होतं. पहिल्या दोघी-तिघी थबकल्या. माझ्याकडं बघितलं, आक्कांकडं बघितलं. मी पुढं काही बोलणार तोवर एकीची सून, नवीनच लग्न होऊन आलेली, हात पुढं करून म्हणाली, "अय्या, गाळणी! आमची कालच तुटलीया." सगळ्या हसल्या आणि रांग पुढं सरकली. समाजसुधारणा अशीही होते म्हणायची.

गल्लीतली ती पोरगी, जिचा नवरा कोरोनात गेला, ती फाटकाशी लेकराला घेऊन उभी होती. आत यायचं का नाही, या विचारात. ती सध्या मेंडिंगला जाते, कामावरून थेट आली होती, केसांत कापसाची तूस तशीच. आक्का पायरी उतरून तिच्यापर्यंत गेल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. ती आत आली. मी करंडा घेऊन पुढं झाले आणि यावेळी आधी विचारलं, "लावू?" तिनं मान हलवली. लावताना माझाच हात थरथरत होता. ते लेकरू गाळणी डोळ्याला लावून सगळ्यांकडं बघत बसलं होतं.

सगळंच असं गोड झालं नाही. शेजारच्या मावशी आल्या, मी कुंकू लावलं, त्यांनी मलाही लावलं. आक्कांनी गाळणी पुढं केली तशी त्यांनी हात पदराखाली घेतला. "न्हाई गं, मला नको. आमचं हे पडून हायत..." असं म्हणून चपला घालून निघाल्याही. त्यांचे यजमान अर्धांगवायूनं तेव्हा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते. मला आधी संताप आला. ज्या आक्का त्यांच्या यजमानांना कूस वळवायला रात्री-अपरात्री धावत जायच्या, त्यांच्या हातचं वाण चालत नाही? पण आक्का शांत होत्या. "भ्यालीया ती," म्हणाल्या, "वाईट न्हाई." मला आजही ते पूर्ण पटलेलं नाही. भीती खरी असेल, पण त्या भीतीची किंमत सोळा वर्षं आक्कांनी का भरायची? आणि मग आठवतं, मी पण भ्यालेलीच होते की. माझी भीती त्यांच्यापेक्षा वेगळी होती एवढंच. गल्ली काय म्हणेल, याची.

एप्रिल २०२३ मध्ये विधवा शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' असं म्हणावं, असा प्रस्ताव राज्यात चर्चेला आला होता. त्यावर बरीच टीकाही झाली. मी आक्कांना सांगितलं तर हसायलाच लागल्या. "आईनं ठेवलेलं नाव हाय की मला. त्यानं हाक मारा म्हणावं." त्या दिवशी मोजलं तर लक्षात आलं, दीर गेल्यापासून आमच्या घरात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी उरलंच नाही. त्यांचा भाऊ फोन करतो तेव्हा तेवढं ते नाव ऐकू येतं, तेही फोन स्पीकरवर असेल तर.

त्यानंतरच्या प्रत्येक संक्रांतीला वाण आक्काच देतात. कधी सुईदोऱ्याची डबी, कधी साबणाची जाळी. काय आणायचं ते मला आधी सांगत नाहीत. पाच वाजले की कांडी मशीन बंद होतं. येणाऱ्या बायकांची संख्या दोन-तीननं कमी झाली, आणि ज्या पूर्वी कधीच येत नव्हत्या अशा पाच-सहा जणी येऊ लागल्या. त्यांतल्या काही कुंकू लावून घेतात, काही नुसता तिळगूळ घेतात. मी प्रत्येकीला विचारते. विचारायला फार वेळ लागत नाही.

शेजारच्या मावशी अजूनही हळदीकुंकवाला येत नाहीत. एरवी ये-जा आहे. साखर संपली, गॅस संपला की परड्याच्या दारानं येतात, आक्कांशी तासभर बोलत बसतात. यंदा शेडची साफसफाई करताना कांडी मशीनवरच्या फळीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. उघडून बघितलं तर गाळणी. पन्नासातली राहिलेली.

"आक्का, ही घेऊ का घरात? आपली पुन्हा मोडायला आलीया."

"ती न्हाई," आक्का म्हणाल्या, आणि माझ्या हातातून घेऊन परत कागदात गुंडाळली. "ती त्यांची हाय. स्टीलची हाय, गंजत न्हाई. असू दे तिथंच."